विषय: घशाचा कॅन्सर, आवाज आणि आपली घाई



डिस्क्लेमर आधीच देतो: मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण गेल्या वर्षी सख्ख्या काकांच्या आजारपणात बरंच वाचावं लागलं, डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारावे लागले, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालं. घशाचा कॅन्सर म्हटलं की आपण परदेशात बसलेली मंडळी पहिली मागणी करतो ती "काहीही करा, पण आवाज वाचवा" अशी. ही मागणी दरवेळी बरोबर नसते, आणि ती करण्याचा हक्कही खरं तर आपला नसतो.

पहिला घोळ शब्दाचाच. "थ्रोट कॅन्सर" हा एकच आजार नाही. टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा वेगळा, स्वरयंत्राचा वेगळा, त्याच्या मागे अन्ननलिकेच्या तोंडाशी होणारा आणखी वेगळा. अमेरिकेत आता टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे बहुतेक कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतात, आणि ते उपचारांना चांगला प्रतिसाद देतात. आपल्याकडचे घशाचे कॅन्सर बहुतांशी तंबाखू-विडीचे. तेव्हा ऑफिसातला कोणी सात आठवडे रेडिएशन घेऊन पुन्हा कामाला लागला, यावरून साताऱ्याच्या काकांचा अंदाज बांधू नये. बायॉप्सी आली की आधी विचारा: नेमकी जागा कुठली, स्टेज काय, आणि टॉन्सिल किंवा जिभेचं मूळ असेल तर पी१६ तपासणी झाली का?

दुसरा घोळ आकड्यांचा. १९९१ साली अमेरिकेतल्या व्हेटरन्स हॉस्पिटलांची एक मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली. स्वरयंत्राच्या वाढलेल्या कॅन्सरचे ३३२ रुग्ण. एका गटाचं स्वरयंत्र काढून मग रेडिएशन, दुसऱ्याला आधी केमो आणि मग रेडिएशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के लोक हयात होते, आणि दुसऱ्या गटात ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं होतं. २००३ च्या ट्रायलमध्ये केमो आणि रेडिएशन एकत्र दिल्यावर दोन वर्षांनी स्वरयंत्र शाबूत असलेल्यांचा आकडा ८८ टक्क्यांवर गेला. हा ८८ आमच्या चुलत भावंडांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आला आणि सगळ्यांचा निर्णय झालासुद्धा!

पण या दुसऱ्या ट्रायलमध्ये गाठ कार्टिलेज फोडून बाहेर आलेले रुग्ण घेतलेच नव्हते. काकांची गाठ नेमकी तशीच होती, म्हणजे टी४ए. आणि १९९१ च्या ट्रायलमध्ये केमो-रेडिएशन गटातल्या टी४ रुग्णांपैकी अर्ध्याहून जास्त जणांचं स्वरयंत्र पुढे काढावंच लागलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बेंचमार्क दुसऱ्याच मशीनचा होता. याची उलट बाजूही आहे. गाठ अगदी लहान आणि स्वरतंतूपुरती असेल तर लेसर किंवा नुसतं रेडिएशन, दोन्हींचे निकाल उत्तम आहेत. तिथे पूर्ण स्वरयंत्र काढण्याचा प्रश्न सहसा येत नाही. म्हणून सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले अशा तिघांनीही केस पाहिली आहे का, हे विचारा. सेकंड ओपिनियन जरूर घ्या, पण आठ-दहा दिवसांत. गाठ आपल्या ईमेलांसाठी थांबत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. स्वरयंत्र नुसतं बोलायला नसतं. घास गिळताना श्वासनलिकेचं दार बंद करणं हेही त्याचंच काम. स्वरयंत्र जागेवर राहिलं पण हे काम जमेनासं झालं, तर घासागणिक ठसका, अन्न फुफ्फुसात, न्यूमोनिया, आणि शेवटी पोटात नळी. उलट स्वरयंत्र पूर्ण काढलं तर गळ्याला कायमचं छिद्र, श्वास तिथूनच, वास कमी येतो, पोहणं बंद. पण हवेची आणि अन्नाची वाट वेगळी होते आणि बहुतेकांना तोंडाने जेवता येतं. बोलणंही साफ संपत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटा व्हॉल्व्ह बसवून पुष्कळ लोक बोलतात. बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी तर सुमारे ५० रुपयांत बनणारा 'ओम' नावाचा व्हॉल्व्ह तयार केला आहे.

एका कॉलवर आमची अशी चर्चा चालली असताना काका बसक्या आवाजात म्हणाले, "अरे, तुम्ही सगळे माझ्या आवाजाचंच बोलताय. मला पंगतीत बसून जेवता येईल का, ते कोणी विचारलंय का डॉक्टरांना?" निर्णय त्या प्रश्नावर झाला. ऑपरेशन, आणि त्यानंतर रेडिएशन. त्यांच्या जागी एखादा वकील किंवा कीर्तनकार असता आणि डॉक्टरांनी दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या असत्या, तर त्याने वेगळं ठरवलं असतं, आणि तेही बरोबरच ठरलं असतं.

निर्णय झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचे दिवस वाया घालवू नका. रेडिएशनआधी डेंटिस्टकडे जाणं अत्यावश्यक आहे. काढायचे दात साधारण दोन आठवडे आधी काढावेत, कारण रेडिएशननंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. गिळण्याचे व्यायाम स्पीच थेरपिस्टकडून आधीच शिकून घ्यावेत. नाकातून की पोटातून नळी, हे वजन उतरायच्या आत ठरवावं. सिस्प्लॅटिन देणार असतील तर कानांची आणि किडनीची तपासणी हवी. तंबाखू पूर्ण बंद. रेडिएशन चालू असताना ओढत राहिलं तर त्याचा परिणाम कमी होतो. स्वरयंत्र काढायचं असेल तर ते ऑपरेशन झालेल्या एखाद्या माणसाला भेटवा, आणि रुग्णाची तयारी असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. काकांनी काकूला हाक मारलेली एक क्लिप आमच्याकडे आहे.

आता आपल्या रजेबद्दल. आपण ऑपरेशनच्या दिवशी धावत जातो आणि दहा दिवसांत परततो. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे चालतं, आणि सगळ्यात वाईट काळ शेवटचे दोन आठवडे आणि त्यानंतरचे दोन. तिकीट तेव्हाचं काढा. ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. आपल्या सोयीसाठी ते पुढे ढकलायला सांगू नका. आणि "इकडेच घेऊन येऊ का?" याला माझं उत्तर "नाही" असं आहे. व्हिजिटर इन्शुरन्स आधीपासूनचे आजार सहसा धरत नाही, हा एक भाग झाला. पण ज्याचा आवाज जातोय त्या माणसाने त्याचे अर्धे शब्द ओळखणाऱ्या लोकांत राहावं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ग्रुपमधल्या डॉक्टर मंडळींनी काही चुकलं असेल तर जरूर दुरुस्त करावं. बाकीच्यांनी निदान एवढं करा, की असा फोन आला तर आकडे शोधायच्या आधी पेशंटला विचारा, त्यांना काय हवंय.

कळावे, लोभ असावा.