गाडी मोठी, रस्ता कुणाचा?

स्त्रीप्रश्नाला वाहिलेल्या अंकात मोटारगाडीवर लेख कशासाठी, असं काही मैत्रिणी विचारतील. प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या १०० कुटुंबांमागे ५ कुटुंबांकडेही गाडी नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ८ च्या आसपास होतं. आपल्या गटांतल्या बहुसंख्य बायका पायी, बसने किंवा शेअर रिक्षाने जातात. पण जिच्या दारात गाडी नाही तिलाही गाडीचा धूर, गाडीची धडक आणि गाडीवाल्यांना दिलेल्या करसवलतीचा भार सोसावाच लागतो. म्हणून कोणत्या गाड्या बनतात आणि कोणत्या बंद पडतात, हा आपलाही प्रश्न आहे.

आधी घडलं काय ते पाहू. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा तिची किंमत सुमारे ५० हजार रुपये होती. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, गल्लीबोळात वळणारी ही गाडी तीस वर्षं चालली आणि २०१४ मध्ये बंद झाली. २००९ मध्ये 'लाखाची गाडी' म्हणून आलेल्या नॅनोचं उत्पादन २०१८ मध्ये थांबल्यात जमा झालं. २०२३ मध्ये अल्टो ८०० गेली. उलट २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के वाहनं एसयूव्ही आणि तत्सम वर्गातली, म्हणजे उंच आणि जड होती.

याचं कारण विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: लोकांच्या आकांक्षा वाढल्या, आता कुणाला लहान गाडी नको आहे. हे 'लोक' म्हणजे कोण? धूर आणि सुरक्षिततेचे नियम कडक झाले, गाड्या महागल्या आणि खालच्या थरातल्या कुटुंबांचं उत्पन्न त्या वेगाने वाढलं नाही. स्कूटरवरून लहान गाडीकडे येऊ पाहणारं कुटुंब दुकानापर्यंत पोहोचेनासं झालं. मारुती कंपनीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनीच हे वारंवार सांगितलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा कर उतरला तेव्हा त्यांची मागणी वाढल्याचं कंपन्यांनीच सांगितलं. म्हणजे इच्छा होतीच, पैसे पुरत नव्हते. मग दहाबारा लाख मोजू शकणाऱ्यांची आवड ती साऱ्या देशाची आकांक्षा कशी ठरते?

आणि 'लोक' म्हणताना बाई धरलेली असते का? बाईचं उत्पन्न पुरुषापेक्षा कमी, तिच्या नावावर मालमत्ता कमी. वाहन चालवण्याचा परवाना असणाऱ्या दहाजणांत सरासरी एकही बाई नाही. ज्या थोड्या बायकांनी स्वतःच्या पगारावर गाडी घेतली, त्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या कर्मचारी यांच्या आवाक्यात आली ती लहान गाडीच. सर्वात स्वस्त गाडी आवाक्याबाहेर गेली की सर्वात आधी गळते ती बाईची गाडी. घरात मग एकच मोठी गाडी येते, हप्ता दोघांच्या पगारातून जातो आणि किल्ली एकाच्या खिशात राहते. जाहिराती बघा. डोंगर चढणारी, चिखल उडवणारी, समोरच्याला बाजूला सारणारी गाडी आणि सुकाणूवर बहुतेक वेळा तो. दांडगाई हाच गुण म्हणून विकला जातो. बाईला याच दांडगाईपासून वाचवण्याची भाषा करणारा समाज ती कर्ज काढून घरी आणतो.

सरकार या सगळ्यात तटस्थ आहे असं मानायचं कारण नाही. २००६ च्या अर्थसंकल्पापासून करासाठी लहान गाडी म्हणजे ४ मीटरपर्यंत लांब आणि ठरावीक क्षमतेपर्यंत इंजिन असलेली गाडी. वजन किती, उंची किती, हे विचारलंच जात नाही. त्यामुळे कंपन्यांनी लांबी ४ मीटरच्या आत ठेवली, उंची आणि वजन वाढवलं आणि लहान गाडीची सवलत घेतली. सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याच वेळी मोठ्या गाड्यांवरचा, उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आणला गेला. विजेवर चालणारी गाडी असेल तर ती कितीही अवजड आणि कितीही महाग असो, कर फक्त ५ टक्के. २०१७ मध्ये याच करप्रणालीने सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर लावला होता आणि तो रद्द व्हायला आपल्याला वर्षभर भांडावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही.

इंधन वापराच्या नियमांचंही तेच. २०१७-१८ पासून प्रत्येक कंपनीला तिच्या गाड्यांच्या धुरावर सरासरी मर्यादा आहे. पण ती वजनाशी बांधलेली आहे. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जितकं जास्त, तितकी तिची मर्यादा सैल! जड गाडी बनवणाऱ्याला सूट आणि हलकी बनवणाऱ्यावर बंधन, असा हा न्याय.

यावर प्रतिवाद येतो सुरक्षिततेचा. मोठी गाडी सुरक्षित असते म्हणतात. कुणासाठी? २०११ च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांसाठी बाहेर पडणाऱ्या बायकांपैकी सुमारे ४५ टक्के पायी जातात. पुरुषांत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आहे. रस्त्यावर पायी कोण आहे, हे यातून स्पष्ट होतं. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिलं की ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. आतल्याची सुरक्षितता बाहेरच्या बाईच्या जिवावर मिळवायची, याला सुरक्षितता म्हणायचं का?

गाडीच्या आत बसलेल्या बाईलाही न्याय नाही. धडकेची चाचणी जगभर वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या शरीराच्या पुतळ्यावर होत आली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात पट्टा लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त आढळली. सरासरी स्त्रीशरीराचा पुतळा स्वीडनमधल्या आस्ट्रिड लिंडर आणि सहकाऱ्यांनी पुढे आणला, तोही २०२२ मध्ये. आणि आपल्याकडे? सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला, पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये सक्ती होणार नाही असं जाहीर झालं. स्वस्त गाडी की जीव, असा पर्याय गरिबासमोर ठेवणं हीच लबाडी आहे. सुरक्षिततेची साधनं सगळ्या गाड्यांत हवीत. त्याचा खर्च पेलण्यासाठी हलक्या गाडीवरचा कर आणखी उतरवा आणि जड गाडीवरचा चढवा.

मात्र लहान गाडीचे गोडवे गाऊन थांबणं मला मान्य नाही. नॅनोचा जन्म आठवा. स्कूटरवर नवरा, पुढे उभं मूल आणि मागे तान्हं बाळ धरून बसलेली बायको, हे दृश्य पाहून ही गाडी सुचल्याचं रतन टाटा सांगत. पण त्याच गाडीसाठी पश्चिम बंगालमधल्या सिंगूरमध्ये सुमारे १००० एकर जमीन घेतली गेली आणि तिच्याविरुद्ध शेतकरी बायका रस्त्यावर उतरल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द केलं. स्कूटरवरच्या बाईला सुरक्षित बसवायचं तर शेतावरच्या बाईला उठवायचं, हा विकास आपल्याला नको आहे. शिवाय त्या मागे बसलेल्या बाईला वेळेवर येणारी बस मिळाली असती, तर तिला लाखाच्या गाडीची वाट बघावी लागली नसती.

आपल्या राज्यात मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. हा हक्क चांगलाच आहे. पण गावात गाडीच आली नाही तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? मुंबईत बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झालं. मोठ्या विजेच्या गाडीला सवलत देताना तिजोरीला ओझं होत नाही, बसच्या वेळी मात्र तोटा आठवतो.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. गाडीवरचा कर वजन, उंची आणि इंधन यांवर ठरवा, विजेच्या गाडीसह. जड गाड्यांना मिळणारी धुराची सूट बंद करा. स्त्रीशरीराच्या पुतळ्यावर चाचणी सक्तीची करा, आणि पादचाऱ्याला गाडी किती इजा करते याचे निकाल जाहीर करा. जड गाड्यांच्या करातून येणारा पैसा बस आणि पदपथांसाठी बांधून ठेवा.

मैत्रिणींनो, महापालिकेच्या अर्थसंकल्पात उड्डाणपुलांना किती आणि पदपथांना किती, हे आपापल्या गावात काढून पाहा. गटाच्या बैठकीत ते आकडे मांडा, निवेदनं द्या आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. आकांक्षा आपल्याही आहेत. दिवस मावळल्यावर न घाबरता, न चेंगरता, परवडणाऱ्या भाड्यात घरी पोहोचणं ही त्यातली पहिली.