पऱ्हाटी जाळू नये, चुलीस द्यावी

बोदवडच्या परिसरात कपाशीची वेचणी संपली की कित्येक शेतकरी पऱ्हाटी शेतातच जाळून टाकतात. इकडे २०१६ च्या उज्ज्वला योजनेची शेगडी मिळूनही, टाकी भरण्यास पैसा नसल्यामुळे मजुराची बायको सरपणासाठी रानोमाळ हिंडते. ही विसंगती आम्हांस शोचनीय वाटते. पऱ्हाटी घरामागे रचून ठेवावी, तर तीत दडलेली गुलाबी बोंडअळी पुढील पिकावर येते. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. गावाने सामाईक यंत्र घेऊन हंगामाअखेर तिचा भुगा करावा, तो दाबून पांढरा कोळसा पाडावा आणि निर्धन घरांस प्रथम द्यावा. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने आपलेच नियम करून जंगल राखले. आपणांस तर केवळ आगकाडी आवरावयाची आहे.