गुन्ह्याचा अभ्यास आपल्या मुलांनी का करावा?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी पुढील शिक्षणाचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी कोपरीतील एखाद्या बौद्ध कुटुंबातील मुलीने ‘मला गुन्हेशास्त्र शिकावयाचे आहे’ असे म्हटले, तर आईबाप दचकतील. चोर-पोलिसांचा विषय आपल्या लेकीने कशास शिकावा, असे त्यांस वाटेल. बंधुभगिनींनो, तिला अडवू नका, असे आमचे आपणांस आग्रहाचे सांगणे आहे.

गुन्हा कशास म्हणावे, तो का घडतो आणि त्याची शिक्षा कोणाच्या वाट्यास येते, याचा पद्धतशीर विचार म्हणजे गुन्हेशास्त्र. या देशात कित्येकांस जन्मानेच गुन्हेगार ठरविण्यात आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती हजेरीस बांधल्या गेल्या; पारधी, कैकाडी हे बांधव त्यात भरडून निघाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. परंतु मनावरचा शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला काय?

कोपरीतून रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे गेले की जुन्या किल्ल्यातील ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह लागते. अशा भिंतींआड काय चालते, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पत्रकार सुकन्या शांता यांनी ती घेतली. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमांत स्वयंपाक एका जातीस आणि झाडलोट दुसरीस वाटून दिल्याचे त्यांनी उजेडात आणले व सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास फर्माविले. अभ्यासू दृष्टीने नियम वाचणारे एक माणूस काय घडवू शकते, ते यावरून ध्यानात यावे.

हा विचार आपल्या धम्मास परका नाही. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजाने निर्धनांस धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यामुळे चोरी वाढली आणि कठोर शिक्षेने शस्त्रे व हत्या वाढल्या, अशी कार्यकारणाची साखळीच मांडली आहे.

आता व्यवहाराची गोष्ट. अकरावी-बारावीत गुन्हेशास्त्र हा स्वतंत्र विषय आपल्याकडे सहसा नसतो. म्हणून निराश होऊ नये. कला शाखेत समाजशास्त्र, मानसशास्त्र व राज्यशास्त्र घ्यावे. त्यांतच या शास्त्राचा पाया आहे. रक्त, विष, बोटांचे ठसे यांच्या तपासणीकडे ओढा असेल तर विज्ञान शाखा धरावी. पुढे मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेचा मार्ग आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचे उच्च शिक्षण मिळते. प्रवेशाच्या अटी व शिष्यवृत्तीची माहिती मात्र वेळीच काढावी. मुदत टळल्यावर हळहळून उपयोग नाही.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाती आहे. पण पंचनामा कच्चा राहिला, पुरावा वेळेवर जमा झाला नाही, तर बळकट कायदाही न्यायालयात लंगडा पडतो. तपास करणारा अधिकारी, पुरावा पारखणारा वैज्ञानिक आणि बाजू मांडणारा वकील आपल्या वस्त्यांतूनही निघाले पाहिजेत. त्यांची तयारी अकरावीच्या वर्गात सुरू होते. या वर्षी आपल्या घरात दहावी झालेले मूल असेल, तर त्याच्याशी आजच बोला.