किल्ली कुणाच्या हातात?

सत्तरी ओलांडलेल्या दोन मैत्रिणींनी स्वतःची गाडी घेऊन कोकणात जावं का? आमच्या दोन्ही घरांतून एकमुखाने उत्तर आलं होतं, "मुळीच नको!" माझं मत बरोबर उलट आहे. का, ते इथेच लिहिते, म्हणजे प्रत्येक भाचीला फोनवर वेगळं सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण पुण्याहून निघालो. सातारा, कऱ्हाड, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग गुहागर. पुढे हेदवी आणि तवसाळ. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढून खाडीपलीकडे जयगडला. तिथून केशवसुतांचं मालगुंड. जन्मभर मुलांना केशवसुत शिकवले, पण त्यांच्या गावी निवांत बसायला मिळालं ते आत्ता!

घरच्यांचा पहिला मुद्दा असा, की एसटी आहे ना! खरं आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे, २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. उत्तम सोय. पण वाटेत समुद्र दिसला म्हणून एसटी थांबत नाही, आणि आमच्या वयाला दर दीड-दोन तासांनी थांबावं लागतं (कारण विचारू नका!).

दुसरा मुद्दा, "आम्ही नेतो ना तुम्हाला." नेतातही बिचारे, प्रेमाने नेतात. पण नेलं जाणं आणि जाणं यांत फरक आहे. मुलांच्या गाडीत आम्ही मागच्या सीटवरचं जपून ठेवायचं सामान असतो. कुठे थांबायचं, काय खायचं, किती वाजता झोपायचं, सगळं आधीच ठरलेलं. मैत्रिणीबरोबर मात्र मी कुणाची आई नसते की आजी नसते. यजमान गेल्यानंतर चार वर्षांत मी जे कुणाशी बोलले नव्हते, ते त्या घाटात बोलले. समोर रस्ता असला की बोलणं सोपं जातं. एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे, तो म्हणजे सुरक्षितता. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचं नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांपुरतंच होतं आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पण पाच वर्षं हा आमच्या वयात फार मोठा काळ आहे. डोळा, कान, गुडघा सहा महिन्यांतही दगा देऊ शकतो. म्हणून आम्ही आमचे नियम केले. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, दिवसाला फार तर चार-पाच तासच प्रवास, दोघींच्या औषधांची यादी एकमेकींच्या पर्समध्ये, आणि मुक्कामी पोचल्यावर घरी फोन.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड. गाडी ती चालवते, मी शेजारी बसते. तिचं चालवणं बिघडतंय असं मला वाटलं, तर मी स्पष्ट सांगायचं आणि तिने वाद न घालता किल्ली माझ्याकडे द्यायची. मुलांनी सांगितलं तर ती रागावेल, लपवेल. शिवाय मुलं तिला रोज गाडी चालवताना कुठे बघतात? शेजारी बसणारीलाच आधी कळतं, उशिरा दाबलेला ब्रेक, न दिसलेली पाटी. तो दिवस येणार, हे दोघींनाही ठाऊक आहे. तो कधी आला ते सांगायची जबाबदारी मैत्रीत येते, असं मला वाटतं.

तेव्हा मुलांनो, काळजी जरूर करा, पण ती "जाऊ नका" या शब्दांत नको. गाडीचे टायर तपासून द्या, मोबाईलवर नकाशा कसा बघायचा ते शांतपणे (पुन्हा एकदा!) शिकवा. आणि माझ्या वयाच्या वाचकांनो, तुमचीही अशी कुणी मैत्रीण किंवा मित्र असेल, तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका.

आम्ही पावसाळ्यानंतर आंबा घाटाने जायचं ठरवतोय. किल्ली अजून तिच्याकडेच आहे.