‘विसरून जा’ म्हणणाऱ्यांनो

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं म्हणून आपण किती माणसांची तोंडं बंद केली, याचा हिशेब या समाजाने कधी मांडलेला नाही. अत्याचार सोसलेल्या मुलीला हे सांगितलं जातं. दरडीखाली अख्खं घर गेलेल्या म्हाताऱ्याला सांगितलं जातं. फास घेतलेला नवरा जिने पहिल्यांदा पाहिला, तिलाही तेराव्याच्या आतच चार बायका हे ऐकवून जातात. त्यांच्या आवाजात कळवळा असतो, हे मी नाकारत नाही. पण त्या कळवळ्याच्या पोटात टाळाटाळही असते. तिचं दुःख आपल्या कानांवर पुन्हा पडू नये आणि घराण्याचं नाव चार लोकांत निघू नये, एवढीच धडपड असते.

याच समाजाची दुसरी खोड याहून निर्दय आहे. विसरायला सांगणारेच तपशील मागत राहतात. नेमकं काय झालं? दार आतून बंद होतं का? तू ओरडली का नाहीस? पोलीस विचारतात, शेजारीण विचारते, कॅमेरा घेऊन आलेला पोरगा विचारतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरायचं असतं, म्हणून त्याच्या विधवेला तीच सकाळ तलाठ्यापुढे, मग तहसीलमध्ये, मग आणखी कुणापुढे सांगावी लागते. सांगताना तिचं काय होतं, हे लिहायला पंचनाम्यात रकाना नाही. पडलेल्या भिंतीला आहे, मेलेल्या शेळीला आहे. लहान मुलांच्या बाबतीत कायद्याला हे कळलं; ‘पोक्सो’ कायदा न्यायालयाला बजावतो की मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नका. आपल्या घरांना आणि गल्ल्यांना ते अजून कळलेलं नाही.

भयंकर प्रसंगाची आठवण इतर आठवणींसारखी मागे पडत नाही. वर्षं उलटतात आणि एक वास, दार आपटल्याचा एक आवाज पुरतो. छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात, आणि ते सगळं आत्ता, इथे घडतंय असं शरीराला वाटतं. मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यांतल्या अनेकांचा शेवटचा क्षण मोटरमनने समोरच्या काचेतून पाहिलेला असतो. ब्रेक लावला तरी गाडी वेळेत थांबणार नाही, हे त्याला त्या क्षणी ठाऊक असतं. आपण मात्र फलाटावर घड्याळ पाहून चिडतो. त्या माणसाने रात्री डोळे मिटल्यावर काय पाहिलं असेल, असा प्रश्न आपल्याला पडत नाही, आणि त्याने स्वतः तसं काही बोलून दाखवलं तर ‘पुरुषासारखा पुरुष तू’ असं म्हणायला आपण तयार असतो.

अशा माणसांसाठी उपचार आहेत. त्यांतल्या एकाची गोष्ट १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या एका बागेत सुरू झाली. फ्रान्सिन शापिरो ही मानसशास्त्राची अभ्यासक तिथे फिरत होती. मनात सलणारे विचार येत असताना आपले डोळे इकडून तिकडे भराभर हलताहेत आणि त्यानंतर त्या विचारांची धार बोथट होते आहे, असं तिच्या लक्षात आलं. तिने त्यावर काम केलं आणि १९८९ मध्ये आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बावीस जण होते. काही व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक, काही लैंगिक अत्याचार सोसलेले. पुढे ही पद्धत ‘ईएमडीआर’ या नावाने जगभर गेली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या ताणविकारासाठी शिफारस केलेल्या उपचारांत तिचा समावेश केला, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही.

या उपचारात थेरपिस्ट लगेच जखमेला हात घालत नाही. आधी ओळख होते, पूर्वेतिहास समजून घेतला जातो, मन फार ढवळलं तर परत कुठे यायचं ती सुरक्षित जागा कल्पनेत तयार करून घेतली जाते. मग त्या प्रसंगातलं सगळ्यात छळणारं एक चित्र निवडायचं, आणि त्या चित्राला चिकटलेलं स्वतःबद्दलचं वाक्य. ते वाक्य बहुतेकदा ‘चूक माझीच होती’ असंच काहीतरी असतं. ते वाक्य सोसलेल्या मुलीच्या मनात कुणी पेरलं, याचं उत्तर आपण द्यायचं आहे. त्रास किती होतोय ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. चित्र मनात धरून थेरपिस्टच्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलणाऱ्या बोटांवर नजर ठेवायची. अर्ध्या मिनिटाने थांबायचं. ‘आता काय जाणवतंय?’ जे आलं असेल ते दोन शब्दांत सांगितलं तरी चालतं. पुन्हा बोटं हलू लागतात. हळूहळू आकडा खाली येतो, शरीरातली आवळलेली जागा सैल होते, आणि ‘मी वाचले’, ‘दोष माझा नव्हता’ हे वाक्य तिचं तिलाच खरं वाटू लागतं.

इथे घडलेलं सगळं सविस्तर सांगण्याची सक्ती नसते. थेरपिस्ट तपशील उकरत नाही आणि विसरायलाही सांगत नाही. ज्या दोन गोष्टी समाज हट्टाने करतो, नेमक्या त्या दोन्ही इथे वर्ज्य आहेत. प्रसंग आठवतोच, फक्त तो भूतकाळात जाऊन बसतो.

डोळे हलवल्याने हे का घडतं, यावर अजून वाद आहे. आठवण पुन्हा पुन्हा सुरक्षितपणे सामोरी आणणं हेच खरं औषध, डोळ्यांची भर नाममात्र, असं काही अभ्यासक मानतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोग करून वेगळं सुचवलं आहे. चित्र मनात धरणं आणि हलतं बोट पाहणं या दोन कामांत मनाची मर्यादित शक्ती वाटली जाते; चित्र फिकं पडतं आणि फिकं होऊनच साठवलं जातं. वाद चालू राहो. पण चार दिवसांच्या शिबिरातून ‘हीलर’ बनून बोटं हलवत बसणाऱ्यांना या वादाचा आसरा मिळता कामा नये. हे प्रशिक्षित माणसाचंच काम आहे.

आता आपल्याकडचं बघा. धसका घेतलेली सून मध्यरात्री किंचाळत उठते आणि घरचे तिला भगताकडे नेतात. भूत उतरवायच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी, हे सगळं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून लिहावं लागलं. आधी घाव, मग घावाबद्दल मौन, आणि मौन फुटलं की धुरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

साधनं नाहीत, ही सबब खोटी आहे. १९९७ च्या वादळानंतर मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये लुसिना आर्तिगास यांनी मुलांना छातीवर हातांची फुली करून स्वतःच्याच खांद्यांवर आळीपाळीने थोपटायला शिकवलं. ईएमडीआरमध्ये ती रीत आज सर्रास वापरली जाते. भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर आपल्याच देशातल्या तज्ज्ञांनी हे प्रशिक्षण घेतलं. पण हे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, खासगी दवाखान्यांत आहेत, आणि शेतमजूर बाईला एका बैठकीच्या फीसाठी कित्येक दिवस राबावं लागेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या उपचारांचा हक्क तिला दिला आहे. दरडींखाली गेलेल्या तळिये, इर्शाळवाडी, माळीण इथल्या माणसांना नवी घरं देताना हा हक्क घरांच्या नकाशाइतकाच ठळक हवा होता. त्यासाठी कोणता मोर्चा निघाला? कोणत्या आमदाराला प्रश्न विचारला गेला? एका फोनवर, १४४१६ वर, सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा समुपदेशक मिळतो, किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर तो आकडा रंगवलेला आहे?

आणि कितीही कुशल थेरपिस्ट आणला, तरी एका जागी त्याचा हात अडतो. ही पद्धत घडून गेलेल्या गोष्टीवर काम करते. रोज घडत असलेल्या गोष्टीवर नाही. ज्या काकाने मुलीला नासवलं, त्याच्याच पाया पडायला दिवाळीत तिला पुढे ढकलणारी आई, मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे ‘तुझं घर तेच’ म्हणून लेकीची पाठवणी करणारा बाप, तक्रार मागे घ्या म्हणून बैठका घेणारे गावचे प्रतिष्ठित, ही माणसं जोवर आपापल्या जागी सुखरूप आहेत, तोवर त्या खोलीत बोटं हलवून काय होणार? उपचार सुरू करण्याआधी थेरपिस्ट एक प्रश्न विचारतो: आता तू सुरक्षित आहेस का? मुलगी खाली बघते, कारण उत्तर तिच्या हातात नाही. ते बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या घरच्यांनी द्यायचं आहे, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आपण सगळ्यांनी.