साडेअकराची शनिवार रात्र



या सदरात आपण बहुतेक वेळा नुकतंच आलेलं काहीतरी घेतो. या खेपेला मात्र पन्नास वर्षांपूर्वीचा एक भाग घेतला आहे. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असेल, पण तो तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांतून. कोणीतरी ट्रम्प यांची हुबेहूब नक्कल करतंय, कोणा नटाला मध्येच हसू फुटलंय, असले तुकडे फोनवर येतात, आपण हसतो आणि बोट पुढे सरकवतो. अख्खा दीड तासाचा भाग बसून पाहिलेले फार थोडे सापडतील. २०२४ मध्ये जेसन राइटमन यांचा 'सॅटर्डे नाइट' हा चित्रपट आला. या कार्यक्रमाचा पहिला भाग सुरू होण्याआधीच्या तासा-दीड तासात काय गोंधळ चालला होता, त्याची ती गोष्ट. तो पाहिल्यावर मूळ भाग पाहणं आलंच. म्हणून आज परीक्षण त्याचं.

तारीख ११ ऑक्टोबर १९७५, वेळ रात्री साडेअकरा, ठिकाण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधला स्टुडिओ ८-एच. आपल्याकडे तेव्हा रविवारचे सकाळचे नऊ वाजले होते. आणीबाणी लागून साडेतीन महिने झाले होते आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. हे ध्यानात ठेवून पाहिलं, तर तिकडे एक तरुण बातम्या देण्याचा आव आणून सत्ताधाऱ्यांची टर उडवतोय, ही गोष्ट नुसती गमतीची वाटत नाही.

कार्यक्रम जन्माला आला तोही एका अडचणीतून. शनिवारी रात्री एनबीसीवर जॉनी कार्सन यांच्या 'टुनाइट शो'चे जुने भाग पुन्हा दाखवत असत. कार्सन म्हणाले, ते शनिवारी दाखवू नका, आठवड्यातल्या माझ्या सुट्टीच्या दिवसांसाठी ठेवा. शनिवारची जागा रिकामी झाली आणि ती भरायचं काम लॉर्न मायकल्स या तीस वर्षांच्या कॅनडियन तरुणाकडे आलं. नावाचीही पंचाईत होती. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हे नाव एबीसी वाहिनीने तीनच आठवड्यांपूर्वी आपल्या दुसऱ्याच एका कार्यक्रमाला देऊन टाकलं होतं. म्हणून हा आला 'एनबीसीज सॅटर्डे नाइट' या नावाने. तिकडच्या कलाकारांना 'प्राइम टाइम प्लेअर्स' म्हणत, म्हणून इकडच्यांनी स्वतःला 'नॉट रेडी फॉर प्राइम टाइम प्लेअर्स' म्हणवून घेतलं. म्हणजे मुख्य वेळेला दाखवण्याइतके आम्ही अजून तयार नाही, असं स्वतःच सांगून टाकलं. तो दुसरा कार्यक्रम जानेवारी १९७६ मध्ये बंद पडला.

आता भागाकडे वळू.

सुरुवातीला ना नांदी, ना निवेदक, ना श्रेयनामावली. थेट एक खोली. मायकल ओ'डोनाह्यू हे इंग्रजी शिकवणारे मास्तर, आणि जॉन बेलुशी हा पूर्व युरोपातून आलेला, नुकताच अमेरिकेत पाय ठेवलेला विद्यार्थी. मास्तर वाक्य म्हणणार, विद्यार्थ्याने ते म्हणायचं. आपल्या बालभारतीच्या धड्यासारखाच प्रकार. फक्त मास्तरांची वाक्यं अशी, की 'तुमच्या बोटांची टोकं मला वुल्व्हरिनला खाऊ घालायची आहेत.' वुल्व्हरिन हा उत्तरेकडचा एक हिंस्र प्राणी; रोजच्या बोलण्यात त्याची गरज कोणाला पडणार? पण बिचारा विद्यार्थी प्रत्येक वाक्य जीव ओतून, आपल्या जड उच्चारांत म्हणत राहतो. शेवटी मास्तरांना हृदयविकाराचा झटका येतो आणि ते छाती धरून खाली कोसळतात. विद्यार्थी क्षणभर पाहतो. हाही धड्याचाच भाग असणार, असं समजून तोही छाती धरून खाली कोसळतो. मग कानाला हेडफोन लावलेला चेव्ही चेस आत येतो, दोघांकडे बघतो आणि कॅमेऱ्याकडे वळून 'न्यूयॉर्कहून थेट' अशी घोषणा करतो. ती घोषणा आजही दर भागात होते.

हे प्रहसन मी तीनदा पाहिलं. कारण त्यातला विनोद आपल्या घरातला आहे.

आपण इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं. आपली मराठी त्या त्या गावच्या पाण्यावर वाढलेली. इंदूरचा मुलगा 'मी येऊन राहिलोय' म्हणतो, बेळगावची मुलगी 'काय करायलाय?' असं विचारते, बडोद्याच्या बोलण्यात एखादा गुजराती शब्द सहज येऊन बसतो. मग पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि कोणीतरी म्हणतं, "अय्या, किती गोड बोलते ही! परत म्हण ना!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ती मुलगी दुसऱ्यांदा म्हणत नाही. पुढच्या वर्षी गणेशोत्सवात नाटुकलीसाठी नाव विचारलं की ती म्हणते, "मी डान्समध्ये आहे." डान्सला बोलावं लागत नाही.

बेलुशीच्या या प्रहसनात हसू कोणावर येतं, ते नीट पाहा. त्याच्या उच्चारांवर हसू येतं, हे खरंच आहे. नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण शेवटचा मोठा हशा वेगळ्याच जागी फुटतो. विद्यार्थी पूर्ण विश्वासाने शिकतोय, मास्तर मात्र त्याला निरुपयोगी वाक्यं पढवतोय. जे शिकवलं ते त्याने शंभर टक्के केलं, अगदी कोसळून दाखवण्यापर्यंत. फजिती होते ती मास्तरांची. भाषा अजून जमत नसलेल्या माणसावर विनोद करायचा तर तो असा, त्याला मूर्ख न ठरवता करता येतो. आपल्या स्नेहसंमेलनांत मद्रासी, सरदारजी किंवा 'बाहेरची मराठी' बोलणारं पात्र आलं की आपण नेमकं उलटं करतो. उच्चार हाच सगळा विनोद, त्यापुढे काही नाही.

या झकास सुरुवातीनंतर गाडी रुळावर राहते का? नाही. आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पन्नास वर्षं झाली की कशालाही सोन्याचा मुलामा चढतो.

त्या दिवशीचे सूत्रधार होते विनोदवीर जॉर्ज कार्लिन. वाहिनीचा आग्रह सूटसाठी, त्यांचा टी-शर्टसाठी. शेवटी तडजोड म्हणून सूटच्या आत टी-शर्ट. एकाही प्रहसनात ते काम करत नाहीत. मधूनमधून येतात आणि एकट्याने बोलून जातात. अमेरिकन फुटबॉलची भाषा युद्धाची आणि बेसबॉलची भाषा बागेतल्या फेरफटक्याची, हा त्यांचा भाग अजूनही ताजा आहे. नंतर देवाधर्मावरही ते बोलतात, आणि त्यावरून वाहिनीकडे तक्रारी आल्या. आवडो वा न आवडो, माणूस एकटा उभा राहून सभागृह हातात ठेवतो, हे पाहण्यासारखं आहे.

प्रहसनं मात्र अगदीच छोटी, काही तर सुरू होण्याआधीच संपणारी. कलाकार मधमाश्यांचे कपडे घालून येतात, त्यात मजा कमी आणि पोशाखच जास्त. न्यायालयाचं एक प्रहसन आहे. अत्याचाराची फिर्याद करणारी स्त्री आरोपीचे शब्द मोठ्याने उच्चारू शकत नाही, म्हणून ते चिठ्ठीवर लिहून ज्युरींमध्ये फिरवले जातात. झोपलेल्या एका ज्युरीला शेजारीण ती चिठ्ठी देते आणि त्याला वाटतं, हा आपल्यालाच इशारा आहे. तेव्हा हशा झाला होता. आज मला हसू आलं नाही. चिठ्ठीची रचना चलाख आहे, पण त्या साक्षीदार बाईकडे लेखकांनी एकदाही पाहिलेलं नाही. घरात सगळे मिळून बघत असाल, तर इथे थांबून मुलांशी बोलायला हरकत नाही.

मपेट्सवाले जिम हेन्सनही या भागात आहेत. पण मोठ्यांसाठी बनवलेली ती बाहुली-मंडळी इथे परकी वाटतात. पहिल्या वर्षानंतर ती गेलीच, आणि १९७६ मध्ये 'द मपेट शो' होऊन जगभर गाजली. एका ठिकाणी न रुजलेलं झाड दुसरीकडे फोफावतं, त्यातला प्रकार.

दोन गोष्टींसाठी मात्र हा भाग जरूर पाहा.

पहिली म्हणजे खोटी जाहिरात. त्या काळी दोन पात्यांचा रेझर नवा होता. यांनी तीन पात्यांच्या रेझरची जाहिरात केली, अगदी खऱ्यासारखी, पातं केस कसं ओढतं त्याच्या चित्रांसकट. शेवटचं घोषवाक्य साधारण असं: 'कारण तुम्ही कशावरही विश्वास ठेवता.' १९९८ मध्ये जिलेटने तीन पात्यांचा रेझर खरोखरच बाजारात आणला, पुढे पाच पात्यांचाही आला. आपण सगळ्यांनी तो घेतला!

दुसरी गोष्ट अँडी कॉफमन. एक भांबावलेला तरुण, शेजारी रेकॉर्ड प्लेअर. तो एका जुन्या कार्टूनचं गाणं लावतो आणि नुसता उभा राहतो. गाणं चालू, हा गप्प. नजर इकडेतिकडे, हात अवघडलेले. आपल्यालाच कसंतरी होतं, की हा विसरला का? मग नायकाची ती एकच ओळ येते आणि हा छाती फुगवून, हात उंचावून, फक्त तेवढ्याच ओळीवर ओठ हलवतो. पुन्हा गप्प. ओळ परत येईपर्यंत वाट पाहणं. मध्येच तो चुकून लवकर तोंड उघडतो आणि ओशाळतो. मधल्या वेळात पाण्याचा एक घोट. बस, एवढंच. सभागृह लोटपोट होतं.

हा तुकडा फोनवर एकटा पाहिला तर दहाव्या सेकंदाला बोट सरकतं. अख्ख्या भागात, आधीच्या गडबडीनंतर पाहिला, की ती शांतता कळते. सभागृहातल्या लोकांना पुढे सरकवण्याची सोय नव्हती. त्यांनी वाट पाहिली, म्हणून त्यांना हसू मिळालं. आपल्या तमाशातल्या बतावणीची, 'विच्छा माझी पुरी करा'मधल्या दादा कोंडक्यांच्या आयत्या वेळच्या कोट्यांची ताकदही हीच होती. समोर माणसं आहेत आणि त्यांच्यासोबत घडेल तेच खरं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आपण आवडीने बघतो, पण ते चित्रीकरण करून, काटछाट करून आपल्यापर्यंत येतं. फसलेलं आपल्याला दिसतच नाही. म्हणून आपल्या मुलांना वाटतं, चांगले लोक फसतच नाहीत.

जेनिस इयनने म्हटलेलं 'अ‍ॅट सेव्हन्टीन' हेही चुकवू नका. आपण दिसायला चांगले नाही असं वाटणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचं ते गाणं, विनोदाच्या मधोमध, गिटारवर, काहीही आव न आणता म्हटलेलं.

आणखी एक गोष्ट, जी पडद्यावर दिसत नाही. थेट प्रक्षेपणाच्या आधी प्रेक्षकांसमोर एक पूर्ण रंगीत तालीम होते, आणि तीत जे जमत नाही किंवा वेळेत बसत नाही ते कापलं जातं. पहिल्या भागातून असा कापला गेलेला एक तरुण होता बिली क्रिस्टल. तो १९८४ मध्ये याच कार्यक्रमात कलाकार म्हणून परत आला. कार्यक्रमाची घडीही एका रात्रीत बसलेली नाही. दुसऱ्या भागात पॉल सायमन सूत्रधार होते आणि तो बराचसा गाण्यांचाच कार्यक्रम झाला. चेव्ही चेसच्या खोट्या बातम्या मात्र लगेच लागल्या. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची धडपड हा त्याचा हातखंडा विषय. एप्रिल १९७६ मध्ये फोर्ड यांचे माध्यम सचिव स्वतः सूत्रधार म्हणून आले आणि फोर्डही चित्रीकरणातून झळकले. ज्याच्यावर हसतात तो स्वतः येऊन हसतो, हे आपल्याकडे कधी दिसेल कोण जाणे.

गुण द्यायचे तर पाचांपैकी तीन. प्रहसनं कच्ची, एक-दोन आज खटकणारी. पण धाडस पाचांपैकी पाच.

आता आपल्या मंडळाच्या सांस्कृतिक समितीतल्या काका-मावशींना एक विनंती. यंदाच्या गणेशोत्सवात पंधरा मिनिटं तरुण मुलांना द्या. ध्वनिमुद्रित संवाद नकोत, घोटून घेतलेली शुद्ध मराठीही नको. ज्याची जशी मराठी आहे, तशीच व्यासपीठावर येऊ द्या. विषय त्यांचे, शब्द त्यांचे, आदल्या आठवड्यात लिहिलेले. अर्धं फसेल, हे आधीच धरून चला. आणि मुलांनो, कोणी उच्चारांवर हसलं, तर मास्तरांचा तो धडा आठवा आणि पुढचं वाक्य म्हणा.

पुढच्या महिन्यात भेटू. तोवर हा भाग एकदा तरी अखंड बघा, आणि अँडी कॉफमन आला की फोन उपडा ठेवा.