समजून घ्या : गरम चहाच्या कपाने रेझिनच्या कोस्टरवर वळ का उठतो? त्यापेक्षा घरातला बारदाना बरा!

‘उरलेल्या लोकरीपासून, मण्यांपासून घरीच कोस्टर बनवा’ अशा रील्स तुमच्याही मोबाइलवर येत असतील. त्यातल्या बऱ्याच जणींची पुढची पायरी ठरलेली असते : आता यावर रेझिन ओता. पण रेझिन काही घरात उरलेलं नसतं. ते, त्याचं हार्डनर, सिलिकॉनचा साचा, चमकीची पाकिटं हे सगळं मागवावं लागतं. मूठभर मणी संपवायला शेकडो रुपयांची खरेदी! याला ‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हणायची माझी तरी तयारी नाही. ते टाकाऊपासून तर नाहीच, टिकाऊही नाही.

का, ते बघू. जर्मनीत १८९०च्या दशकात लाकडाच्या लगद्याच्या चकत्या निघाल्या, त्या बिअरच्या थंड ग्लासाखाली ठेवायला. ग्लासाला सुटलेलं पाणी शोषणं एवढंच त्यांचं काम. गोंदियात टेबलावर येतो तो उकळता चहा. म्हणजे आपल्या कोस्टरला पाणीही शोषायचंय आणि चटकाही सोसायचाय.

हौशी कामासाठी मिळणारं साधं इपॉक्सी रेझिन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. वितळत नाही, पण कडकपणा जातो. नुकत्याच ओतलेल्या चहाचा कप, त्यातही स्टीलचा, तेवढा सहज तापतो. कपाची कडा मऊ झालेल्या थरात रुतते आणि गार झाल्यावर तिथे गोल वळ राहतो. ग्लू गनच्या कांडीचंही तेच. ती उष्णतेनेच चिकटते आणि उष्णतेनेच सुटते. थंड ग्लास ठेवला तर रेझिन पाणी शोषत नाही, ते खाली साचतं आणि ओघळून टेबलावर येतं.

आणखी एक गोष्ट रीलमध्ये सहसा दिसत नाही. रेझिन ओतताना हातमोजे हवेत आणि खिडक्या उघड्या हव्यात. हार्डनरमधल्या रसायनांनी त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर सोबत करते. घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळवताही येत नाही. सुती कापड किंवा सुतळी मातीत कुजून गेली असती. रेझिनमध्ये गाडली की तीही कायमचा कचरा.

मग काय वापरायचं?

आपल्या जिल्ह्यात याचं उत्तर गोठ्यात किंवा माळ्यावर पडलेलं असतं : बारदाना. धान खरेदीच्या हंगामात बारदान्याच्या तुटवड्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. धान्य तागाच्या पोत्यात भरण्यासाठी १९८७पासून केंद्राचा कायदाच आहे. त्यातली फाटकी पोती शेवटी पायपुसणं होतात. ताग पाणी शोषतो आणि चहाच्या कपाने त्याचं काहीही बिघडत नाही.

पोतं आधी साबणाच्या पाण्यात धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका. ताग कातताना त्याला तेल लावतात, जुन्या पोत्याचा तो विशिष्ट वास बराचसा त्याचा. मग चार इंचांच्या दोन चकत्या कापा, मध्ये जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा थर घाला आणि शिवा. चिकटवू नका, शिवाच. तागाचे धागे लगेच सुटतात म्हणून कडेला उरलेल्या लोकरीने काज टाका घाला. सजावटही तीच. मणी लावायचेच असतील तर फक्त कडेला, नाहीतर कप डुगडुगेल.

घरात सूप-टोपल्या विणणारं कुणी असेल तर बांबूच्या उरलेल्या कामट्याही चालतात. पण बांबूत स्टार्च असतो आणि भुंग्याला तो फार आवडतो. म्हणून पावसाळ्यानंतर तोडलेला, नीट सुकलेला बांबूच घ्या. फुटक्या मडक्याची खापरी पाणी सुरेख शोषते, फक्त तिला बाक असतो. आणि गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोल माळ्यावर असेल तर तो तिथेच राहू द्या.

खरं तर यात नवं काही नाही. डोक्यावरच्या घागरीखाली जुन्या लुगड्याची चुंबळ असायचीच. तिला फक्त कुणी कोस्टर म्हटलं नाही.

विकायचं असेल तर

बचत गटांच्या प्रदर्शनात असे सेट आता दिसतात. इथे माझी खरी तक्रार आहे. ‘टाकाऊपासूनच तर बनवलंय, मग एवढे पैसे कसले?’ असं म्हणत आपण घासाघीस करतो. समजा, सहा कोस्टरच्या सेटला तीन तास लागले, दोरा-सुईचे २० रुपये गेले आणि सेट १०० रुपयांना विकला. तासाला २७ रुपयेही पडले नाहीत. रोजगार हमीवर राज्यात २०२५-२६साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती, आठ तासांच्या हिशेबाने तासाला ३९. नुसतं तेवढं मिळायचं तरी सेट १३७ रुपयांना जायला हवा. यात बसभाडं आणि स्टॉलवर बसलेला दिवस धरलेलाच नाही.